डासांच्या अळ्यांमागे लागलेला डॉक्टर : सर रोनाल्ड रॉस

दिल्ली आणि आसपासच्या परिसरात पावसाळ्याची चाहूल लागली, की महानगरपालिकेचे कर्मचारी हाती विजेरी घेऊन घरोघरी फिरू लागतात. गच्चीवरील पाण्याची टाकी, खिडकीतील कूलर, कुंड्यांखालच्या बशा, पक्ष्यांसाठी ठेवलेली परळे, मागील अंगणातील कमळांचे छोटे तळे यांची तपासणी होते. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या, तर घरमालकाला नोटीस किंवा दंडाला सामोरे जावे लागते. उडणाऱ्या डासाच्या मागे धावण्यापेक्षा तो पाण्यात असतानाच त्याला गाठावे, हा या साऱ्या खटाटोपामागील विचार आहे. हा विचार चळवळीच्या जिद्दीने जगभर मांडणाऱ्या व्यक्तीचे नाव होते सर रोनाल्ड रॉस.

हिवतापाच्या जंतूचा डासाच्या शरीरातील प्रवास शोधून काढणारे शास्त्रज्ञ म्हणून रॉस यांची ओळख शालेय पुस्तकांनी करून दिली आहे. त्या शोधासाठी त्यांना १९०२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु शोध लागला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते आणि त्यानंतर ते आणखी पस्तीस वर्षे जगले. या उत्तरायुष्याचा मोठा भाग त्यांनी साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त करण्याचा आग्रह धरण्यात घालविला. त्यात त्यांना सर्वांत कडवा विरोध झाला तो भारतात, तोही आपल्याच सेवेतील सहकाऱ्यांकडून.

सत्तावनच्या वणव्यात जन्म

१० मे १८५७ रोजी मेरठच्या छावणीत शिपायांनी बंड पुकारले. दुसऱ्या दिवशी ते दिल्लीत पोहोचले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १३ मे रोजी, कुमाऊँच्या डोंगरातील अल्मोडा येथे कॅम्पबेल क्ले ग्रँट रॉस या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी रोनाल्ड यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते थोरले. वडील पुढे जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षी मुलाची रवानगी इंग्लंडमध्ये नातलगांकडे करण्यात आली.

रोनाल्ड यांना चित्रकार, कवी किंवा संगीतकार व्हायचे होते. मुलाने भारतीय वैद्यकीय सेवेत जावे, ही वडिलांची इच्छा होती. अखेर वडिलांचे म्हणणे खरे झाले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले खरे, पण अभ्यासात मन नव्हते. एका परीक्षेत अपयश आल्यावर काही काळ त्यांनी जहाजावर डॉक्टर म्हणून काम केले. १८८१ मध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि मद्रास इलाख्यात रुजू झाले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा वेळ रुग्णांपेक्षा गणित, कादंबरीलेखन आणि कवितेतच अधिक जात असे. या वयात त्यांना पाहणाऱ्या कोणालाही हा माणूस वैद्यकाच्या इतिहासात नाव कोरील, असे वाटले नसते.

बंगळुरूचे पिंप

१८८३ मध्ये रॉस यांची नेमणूक बंगळुरूच्या छावणीत झाली. राहायला मिळालेला बंगला त्यांना आवडला, पण डासांनी त्यांना हैराण केले. इतरांच्या खोल्यांपेक्षा आपल्याच खोलीत डास अधिक का, हा प्रश्न त्यांना पडला. शोध घेतला असता खिडकीबाहेर पाण्याने भरलेले एक पिंप आढळले. पाण्यात असंख्य अळ्या वळवळत होत्या. त्यांनी ते पिंप उलथवून टाकले आणि थोड्याच दिवसांत खोलीतील डास कमी झाले.

डासाच्या जीवनचक्राकडे पाहिले, की या साध्या कृतीचे बळ ध्यानात येते. मादी डास पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीतून कोश आणि कोशातून पंख असलेला डास असा हा क्रम असतो. उन्हाळ्या-पावसाळ्यातील उबदार हवेत तो आठ-दहा दिवसांत पुरा होतो. अळीला उडता येत नाही, तिचे जग त्या पिंपाएवढेच. शिवाय तिला श्वासासाठी वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. पिंप रिकामे केले की शेकडो डास जन्मण्यापूर्वीच संपतात. पंख फुटल्यावर त्यातील एकेकाला मारणे कोणालाही शक्य नाही.

रॉस यांनी हा अनुभव आपल्या वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्याला सांगितला. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातही असाच उपाय करावा, असे त्यांनी सुचविले. तेथे बागेतील भांड्यांत, फुलदाण्यांत आणि मुंग्या चढू नयेत म्हणून मेजाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या डब्यांत अळ्या वाढत होत्या. अधिकाऱ्याने ही सूचना तुच्छतेने फेटाळली. डास ज्या अर्थी निर्माण झाले आहेत त्या अर्थी त्यांचे काही प्रयोजन असणारच, तेव्हा निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करू नये, असा त्याचा युक्तिवाद होता. डास आणि हिवताप यांचा संबंध तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. हे केवळ चावण्याच्या त्रासाचे प्रकरण होते. तरीही पुढील अर्धशतकात रॉस यांना जी उत्तरे ऐकावी लागली, त्यांतील पहिले त्यांना येथे मिळाले.

सिकंदराबादचा विसावा ऑगस्ट

१८८० मध्ये अल्जीरियातील फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फोन्स लाव्हराँ यांनी हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात सूक्ष्म जंतू पाहिला होता. रॉस यांना सुरुवातीला तो जंतू खराच आहे, हेसुद्धा मान्य नव्हते. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखविला आणि त्यांची शंका फिटली. हत्तीरोगाच्या जंतूंचा काही प्रवास डासाच्या शरीरात होतो, हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना सिद्ध केले होते. हिवतापाचेही तसेच असावे, असा त्यांचा तर्क होता. १८९५ च्या वसंतात रॉस हा तर्क पडताळून पाहण्याच्या निश्चयाने भारतात परतले.

पुढची दोन वर्षे सिकंदराबाद, बंगळुरू आणि उटी या ठिकाणी गेली. मध्येच पटकीची साथ आल्याने बंगळुरूची गटारे साफ करून घेण्याचे काम अंगावर पडले. निलगिरीच्या पायथ्याशी डासांच्या शोधात फिरताना १८९७ मध्ये त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. काम पुढे सरकत नव्हते, कारण ते चुकीच्या जातीचे डास कापून पाहत होते. राखाडी आणि पट्टेरी डासांत जंतू सापडत नव्हता.

सिकंदराबादच्या उन्हाळ्यात सूक्ष्मदर्शकावर वाकून तासन्‌तास बसावे लागे. पंखा चालविता येत नसे, कारण वाऱ्याने कापलेले डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, भिंगाला तडा गेला होता. ऑगस्टच्या मध्यास त्यांच्या माणसाने एका बाटलीत वेगळ्याच अळ्या आणून दिल्या. त्यांतून ठिपकेदार पंखांचे तपकिरी डास बाहेर पडले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला मच्छरदाणीत निजवून हे डास त्याच्यावर सोडण्यात आले. प्रत्येक डासाच्या चाव्यामागे एक आणा असा मोबदला ठरला होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीवर रॉस यांना काळ्या कणांनी भरलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी कापलेल्या डासात त्या अधिक मोठ्या झालेल्या होत्या. जंतू डासाच्या शरीरात वाढत होता. रॉस यांनी त्या दिवसावर कविता लिहिली. २० ऑगस्ट हा आज जगभर जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

अळ्या आणणाऱ्या त्या माणसाचे श्रेय मात्र फारसे कोणी मोजले नाही. शोधाची सारी वाट त्या बाटलीतून गेली होती. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, तर क्युलेक्सची अळी डोके खाली करून तिरपी लोंबकळते. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणारा हा फरक पुढे गावोगावच्या डास निर्मूलन पथकांना शिकविण्यात आला.

यश हाती येताच रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली. तेथे हिवताप जवळपास नव्हता. मॅन्सन यांनी लंडनमध्ये खटपट केल्यावर १८९८ च्या आरंभी त्यांना कोलकात्यात संशोधनासाठी पाठविण्यात आले. प्लेगच्या दिवसांत लस टोचणीची धास्ती इतकी होती, की बोटातून रक्त द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा रॉस यांनी पक्ष्यांना होणाऱ्या हिवतापाकडे मोर्चा वळविला. महंमद बक्ष हे सहायक पक्षी आणि डास सांभाळत, तर किशोरीमोहन बंदोपाध्याय या तरुण सहकाऱ्याचीही कामात मोलाची मदत झाली. जुलै १८९८ मध्ये जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो हे दिसले आणि अशा डासांच्या चाव्याने निरोगी चिमण्या आजारी पडल्या. साखळी पूर्ण झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीचे जोव्हान्नी बाटिस्टा ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफिलीस डासामार्फत पसरतो, हे दाखवून दिले. श्रेयावरून रॉस आणि ग्रास्सी यांच्यात जे भांडण जुंपले, ते शेवटपर्यंत मिटले नाही. त्यात रॉस यांनी वापरलेली भाषा त्यांच्या कीर्तीला शोभणारी नव्हती, असेच म्हणावे लागते.

पथके आणि तेलाचे डबे

१८९९ मध्ये सेवा सोडून रॉस लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात अध्यापक झाले. त्याच वर्षी ते पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाऊन येथे गेले आणि तेथील ॲनॉफिलीस डास रस्त्यांतील डबक्यांत वाढतात, हे त्यांनी शोधले. १९०१ मध्ये ग्लासगोच्या एका धनिकाने दिलेल्या देणगीतून तेथे डासांविरुद्ध पथक उभारण्यात आले. काही माणसे घराघरांतील फुटके डबे, बाटल्या गोळा करीत, काही डबकी बुजवीत, काही उरलेल्या पाण्यावर तेल शिंपडत. तेलाचा पातळ थर पसरला की अळीला पृष्ठभागावर येऊन श्वास घेता येत नाही आणि ती गुदमरते. ही पथके कशी उभारावीत, यावर रॉस यांनी एक छोटे पुस्तकच लिहिले. एक जबाबदार मुकादम, ठरलेला भाग आणि आठवड्यातून एकदा न चुकता फेरी, एवढ्यावर त्यांचा भर होता. फ्रीटाऊनचे काम पुढे पैशाअभावी टिकले नाही.

त्यांना हवे तसे यश मिळाले ते इजिप्तमध्ये. सुएझ कालव्याच्या काठी वसलेल्या इस्माइलिया गावात गोड्या पाण्याचा कालवा आल्यापासून हिवतापाने ठाण मांडले होते. १९०० साली तेथे दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. कालवा कंपनीच्या निमंत्रणावरून सप्टेंबर १९०२ मध्ये रॉस तेथे गेले. दलदल बुजविण्यात आली, पाणी वाहते करण्यात आले, शौचकूपांत दर आठवड्याला तेल टाकले जाऊ लागले. १९०३ मध्ये रुग्णसंख्या सुमारे दोनशेवर आली आणि १९०५ मध्ये पन्नासच्याही खाली गेली. याच वर्षांत हवाना आणि पनामा येथे अमेरिकेचे विल्यम गोर्गस यांनी घरगुती पाणीसाठ्यांवर कडक नजर ठेवून पीतज्वर आणि हिवताप यांना वेसण घातली. १९०४ मध्ये रॉस यांनी पनामाला भेटही दिली.

मियाँ मीरचा वाद

भारतात मात्र वेगळेच घडत होते. लाहोरजवळील मियाँ मीर या छावणीत १९०२ पासून अळ्यांविरुद्धची मोहीम प्रयोग म्हणून हाती घेण्यात आली. ती चालविणारे एस. पी. जेम्स आणि रिकर्ड ख्रिस्टोफर्स हे दोघेही भारतीय वैद्यकीय सेवेतील निष्णात अधिकारी होते. छावणीतून कालव्याचे पाट वाहत. पाटांलगतची डबकी बुजविण्यात आली, पाण्यावर तेल टाकण्यात आले. तरीही डास कमी झाल्याचे दिसेना आणि तापही हटेना. अळ्या नष्ट करून हिवताप आटोक्यात आणणे या देशात व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष निघाला. ऑक्टोबर १९०९ मध्ये सिमल्यात भरलेल्या हिवताप परिषदेत हा वाद पुन्हा रंगला. सरकारचा कल क्विनीन वाटण्याकडे राहिला. ते स्वस्त होते आणि त्यासाठी गटारे खोदावी लागत नव्हती.

रॉस संतापले. प्रयोगाचे क्षेत्र फारच लहान होते, खर्च तुटपुंजा होता आणि सुरुवातीला डासांची मोजदादच झाली नव्हती, असे त्यांचे आक्षेप होते. थोडी जागा साफ केली, तर भोवतालच्या शेतांतून डास येतच राहणार. किती अंतरावरून किती डास येतील, हे काढण्यासाठी त्यांनी आपले आवडते गणित वापरले. दिशाहीन भटकणारा डास जन्मस्थानापासून किती दूर जाईल, याचा हिशेब त्यांनी १९०४ मध्ये मांडला. याच कोड्याने पुढे कार्ल पिअर्सनसारख्या संख्याशास्त्रज्ञाचे लक्ष वेधले. १९०७-०८ मध्ये रॉस मॉरिशसला गेले. तेथील उसाच्या मळ्यांत बिहार, मद्रास आणि मराठी मुलखातून नेलेले मजूर राबत होते. त्या बेटासाठीच्या अहवालात आणि १९१० च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की हिवताप थांबविण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नसते. माणशी डासांचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले, की रोग आपोआप ओसरू लागतो. आजच्या साथींचे अंदाज ज्या गणितावर बांधले जातात, त्याची एक मुळी येथे आहे.

या वादात कोण बरोबर होते? आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंच्या पदरात काही ना काही टाकावे लागेल. पंजाबातील हिवताप हा मुख्यतः कालव्यांचा, पुरांचा आणि पाण्याचा निचरा न होणाऱ्या शेतीचा रोग होता. दिल्लीच्या उत्तरेला कर्नालची छावणी १८४०च्या दशकात याच कारणाने सोडून देऊन अंबाल्याला हलवावी लागली होती. पश्चिम यमुना कालव्याच्या काठच्या गावांत डॉ. डेम्पस्टर यांनी मुलांच्या पोटावर हात ठेवून वाढलेल्या प्लीहा मोजल्या होत्या. मैलोन्‌मैल पसरलेल्या अशा पाण्यावर तेलाचे डबे काय पुरणार? रॉस यांच्या उतावीळ स्वभावाला ही अडचण पुरेशी दिसली नाही. मात्र मियाँ मीरच्या अपयशावरून शहरांनाही तोच न्याय लावण्यात आला आणि त्यामुळे अनेक वर्षे वाया गेली. शहरातला डास शेतातून येत नाही, तो शेजारच्या विहिरीतून आणि हौदातून येतो.

मुंबईत हे लवकरच स्पष्ट झाले. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातील हिवतापाचा माग घरोघरच्या विहिरींपर्यंत काढला. ॲनॉफिलीस स्टेफेन्सी ही जात त्या विहिरींत आणि टाक्यांत वाढत होती. विहिरी बुजविण्याच्या किंवा बंद करण्याच्या हुकमांना पारशी आणि हिंदू कुटुंबांनी विरोध केला, कारण धार्मिक विधींसाठी त्यांना विहिरीचेच पाणी लागे. बंगळुरूच्या त्या अधिकाऱ्याच्या युक्तिवादापेक्षा ही हरकत निश्चितच अधिक गंभीर होती. दुसऱ्याच्या अंगणातील पाण्याला हात घालणे म्हणजे त्याच्या घरात शिरणे, हे रॉस यांच्या पुस्तकातील नियमांना कधी नीट उमगले नाही.

दिल्लीच्या वाटेवर

१९११ हे वर्ष रॉस यांना सर ही पदवी देऊन गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीला राजधानीचा मान मिळाला. उत्तरेकडे जेथे नव्या शहराची पायाभरणी झाली, ती जागा सखल, पुराच्या पाण्याखाली जाणारी आणि आरोग्याला अपायकारक ठरली. नियोजन समितीने अखेर रायसीनाच्या उंचवट्याला पसंती दिली. तरी यमुनेचा खादर, नजफगडचे पाणथळ आणि जुन्या शहरातील विहिरी जेथल्या तेथेच राहिल्या.

रॉस यांच्या घरावर पुढे दुःखाचे सावट आले. त्यांचा थोरला मुलगा ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्समधील ल कातो येथील लढाईत मारला गेला. महायुद्धात रॉस यांनी हिवतापविषयक सल्लागार म्हणून काम केले. आपल्या शोधाचा आर्थिक मोबदला राष्ट्राने द्यावा, यासाठी त्यांनी सरकारकडे दीर्घकाळ तगादा लावला, पण पदरी निराशाच आली. १९२६ मध्ये लंडनच्या पटनी भागात त्यांच्या नावाची संस्था आणि रुग्णालय उभे राहिले. जानेवारी १९२७ मध्ये ते अखेरचे कोलकात्याला आले आणि आपल्या जुन्या प्रयोगशाळेजवळील स्मारकद्वाराचे अनावरण त्यांनी केले. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपली सारी कागदपत्रे दोन हजार पौंडांना विकली. शोधकाला काय मिळते ते जगाला दिसावे, हाही त्यामागे हेतू होता. १९३१ मध्ये पत्नी रोझा यांचे निधन झाले आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉस यांनी जगाचा निरोप घेतला.

१९०९ मध्ये सिमला परिषदेच्या वर्षी कसौली येथे सुरू झालेल्या हिवताप कार्यालयाचे १९३८ मध्ये दिल्लीत मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया म्हणून स्थलांतर झाले. मुंबईच्या विहिरींचा १९२८ मध्ये पुन्हा अभ्यास करणारे गॉर्डन कोव्हेल तिचे संचालक होते. त्यांच्याच काळात दिल्लीत निचऱ्याची कामे आणि अळ्यांवरील साप्ताहिक फेरी पद्धतशीर सुरू झाली. म्हणजे ज्या यंत्रणेचा उगम रॉस यांच्या पराभवाच्या वर्षी झाला, तिनेच राजधानीत त्यांची पद्धत राबविली. हीच संस्था आज राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र म्हणून ओळखली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि अळ्यांचा विषय पुन्हा मागे पडला. भिंतींवर फवारणी करून डासाला बसल्या जागी मारणे सोपे वाटू लागले. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. १९६५ पर्यंत हा आकडा सुमारे एक लाखावर उतरला. मात्र फवारणीचा भर ग्रामीण भागावर होता आणि डासही औषधाला दाद देईनासे झाले. १९७६ मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. शहरांसाठी १९७१ मध्ये स्वतंत्र नागरी हिवताप योजना आखण्यात आली होती. तिचा आधार अळीनाशक हाच होता.

रॉस यांच्या काळात तेल आणि फावडे एवढीच साधने होती. आता त्यांत भर पडली आहे. १९७६ मध्ये इस्रायलच्या वाळवंटातील एका डबक्यात सापडलेला जिवाणू अळीच्या पोटात गेल्यावर तिला मारतो, पण मासे आणि माणसांना अपाय करीत नाही. अंगणातील तळे पिंपासारखे उलथवता येत नाही. तेथे महाराष्ट्रात आरोग्य कर्मचारी वाटतात ते गप्पी मासे उपयोगी पडतात. काठचे गवत आणि शेवाळ काढून ठेवले, तर मासे अळ्यांपर्यंत पोहोचतात. गंबुशिया मासेही १९२८ मध्ये परदेशातून भारतात आणले गेले. ते अळ्या खातात हे खरे, पण स्थानिक माशांची पिल्लेही फस्त करतात, म्हणून नैसर्गिक तलावात आणि नदीत ते सोडू नयेत, असे मत आता बळावले आहे. दिल्लीतील कूलरला मात्र मासे चालत नाहीत. तो आठवड्यातून एकदा रिकामा करून घासून, पूर्ण वाळवूनच पुन्हा भरावा लागतो, कारण एडिस डासाची अंडी कोरड्या कडांनाही चिकटून राहतात.

१९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि चारशेहून अधिक जण दगावले. डेंग्यूचा जंतू वेगळा आणि तो पसरविणारा एडिस डासही वेगळा. पण तोही घरातल्याच स्वच्छ पाण्यात, बंगळुरूच्या पिंपासारख्या भांड्यांत वाढतो. या साथीनंतर राजधानीत घरोघरच्या तपासणीला आणि दंडाच्या तरतुदींना जोर आला. २०१५ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा पंधरा हजारांच्या पुढे गेली. १ सप्टेंबर २०१९ पासून दिल्ली सरकारने नागरिकांना सलग दहा रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटे आपापल्या घरातील साचलेले पाणी तपासण्याचे आवाहन केले. रॉस यांच्या पुस्तकात हे काम मुकादमाच्या पथकाकडे होते. येथे ते घरमालकाकडेच सोपविण्यात आले.